मागच्या पडवीतलं शिसं

“परात हलवू नको गो,” मामंजी म्हणाले. “हालली तर नदर नीट उतरूची नाय.”

मी हलवत नव्हतेच. बाबल्याला माझ्या दोन गुडघ्यांमध्ये पाटावर बसवलं होतं आणि त्याच्या डोक्यावर पितळी परात धरून मी श्वाससुद्धा जपून घेत होते. परातीत विहिरीचं पाणी होतं. मामंजींनी चुलीवरच्या लोखंडी कढईतून पळीभर वितळलेलं शिसं उचललं, पोराच्या अंगावरून तीनदा ओवाळलं आणि परातीत ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ माझ्या तोंडावर आली. एरवी कुत्रं भुंकलं तरी भोकाड पसरणारं माझं पोर, पण ते जागचं हललं नाही. समोर बघत बसून राहिलं. 

पाण्याच्या तळाशी शिशाचा गोळा झाला होता, मधे भोक पडलेला. मामंजींनी तो उचलून मला दाखवला.

“हो बघ डोळो. कोणाची तरी वायट नदर लागली. आता उतारली. तीन घोट पाणी पाज तेका.”

मी पाजलं. माझ्या हातानं, ओंजळीत घेऊन. बाबलो दोन घोट प्यायला, तिसरा त्याच्या हनुवटीवरून ओघळला, तर मी तो पुसून पुन्हा त्याच्या ओठाला लावला. काही राहायला नको म्हणून.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

देवगडच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. माझे सासरे जगन्नाथ तारी यांचा आजूबाजूच्या पाच वाड्यांत दबदबा होता तो एकाच गोष्टीचा. जाळ्याच्या खालच्या दोरीला ज्या शिशाच्या गोळ्या ओवतात, त्या त्यांच्यासारख्या कुणाला ओतता येत नसत. शंभर गोळ्या एका मापाच्या, जाळं पाण्यात सरळ उभं राहायचं. पावसाळ्यात समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, की मागच्या पडवीत मामंजींची चूल पेटायची. भंगारातल्या बॅटऱ्यांचे पत्रे, जुने नळ, फाटक्या जाळ्यांच्या गोळ्या, सगळं त्या कढईत जायचं. नारळी पौर्णिमेच्या आधी प्रत्येकाला आपलं जाळं तयार हवं असायचं. जेवण पुढच्या चुलीवर, शिसं मागच्या चुलीवर, आणि मधे नुसता उंबरा. पाऊस असायचा म्हणून पोरंबाळं दिवसभर त्याच पडवीत.

ओतताना थेंब उडायचे आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर चमकत पडायचे. बाबलो ते वेचून करवंटीत जमवायचा. जमवता जमवता एखादा तोंडात टाकायचा. मी ओरडले की मामंजी हसायचे.

“खावंदे गो! शिसा पोटात रवता काय? पोरगो घट होतलो.”

त्यांचा फार जीव नातवावर. माझे यजमान दत्ताराम मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. घरात आम्ही तिघंच, आणि मला पाचवा महिना लागला होता. बाबल्याचं खरं नाव सर्वेश. अडीच वर्षांचा. वैशाखात तो ‘आये’, ‘होडी’, ‘पेज’ असं घडाघडा बोलायचा, मामंजींच्या मागे मागे ‘आजो, आजो’ करत खाडीपर्यंत धावायचा. आषाढ अर्ध्यावर येईपर्यंत एकेक शब्द गळून गेला. पोट धरून रडायचा, पेजेला तोंड लावायचा नाही, चालताना उंबऱ्याला अडखळायचा. सगळ्यात शेवटी ‘आये’ गेलं. म्हणून मामंजींनी नजर उतरवली. आमच्या घराण्याची ती रीतच होती, दुसरे लोक मीठमोहऱ्या उतरवतात, आम्ही शिसं.

नजर उतरवल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बाबल्याला झटका आला. डोळे वर गेले, हातपाय लाकडासारखे ताठ. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक सुई टोचली आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नका, गोव्याला न्या. वाडीतल्या एकाची जीप काढून आम्ही गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोचलो तोवर आणखी दोन झटके येऊन गेले होते. सबंध वाट मामंजींनी पोराचं डोकं आपल्या मांडीवर धरलं होतं. एका हातानं ते त्याचं कपाळ चोळत होते आणि तोंडानं घराच्या राखणदाराला, देवचाराला, गाऱ्हाणं घालत होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई लोटलीकर नावाच्या. लहानखुऱ्या, केस कापलेले, बोलणं हळू पण एकेक शब्द खणखणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि बाबल्याच्या पोटाचा आणि पायाचा फोटो उजेडावर धरला.

“हे पांढरे दाणे दिसतात? हे त्याच्या आतड्यात आहेत. आणि गुडघ्याजवळ हाडाच्या टोकाला ही पांढरी रेघ बघा. मला शिशाचा संशय आहे. शिसं अंगात गेलं की लहान मुलांच्या मेंदूला सूज येते. रक्त मुंबईला पाठवलंय, उत्तर यायला आठ दिवस लागतील.”

“मगे?” मामंजींनी विचारलं.

“आठ दिवस थांबणं धोक्याचं आहे. शिसं बाहेर काढायचं औषध आहे, पण तेही मुंबईहून मागवावं लागतं आणि ते जहाल असतं. नुसत्या संशयावर मी ते देणार नाही. म्हणून विचारते. तुमच्या घरात शिशाचं काही काम होतं का? जुन्या बॅटऱ्या, रंगाचं काम, काहीही?”

मामंजी त्या फोटोकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसानं शिशाचे थेंब जमिनीवर पडताना पाहिले, त्याला ते दाणे ओळखू आले नसतील? मला आले होते. मला तर त्यातला लांबट दाणा कुठल्या दिवशीचा तेसुद्धा सांगता आलं असतं.

“नाय,” मामंजी म्हणाले. “आमी मासेमारी करतांव. पोर माती खाता, खडे असतीत.”

“घरात आधी कुठल्या मुलाला असे झटके आले होते?”

“नाय. कोणाक नाय.”

हे दुसरं खोटं ऐकून मी मान वर केली. माझ्या सासूबाई माझ्या लग्नानंतर दोन वर्षं होत्या. एकदा माझ्या केसांना तेल लावता लावता त्यांनी मला सांगितलं होतं. दत्तारामांच्या आधी त्यांना दोन मुली होत्या, कुसुम आणि सुलू. कुसुम तीन वर्षांची होऊन गेली, सुलू दोनाची. दोघी पावसाळ्यात, दोघी झटके येऊन. या घराच्या देवचाराला पोर चालत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून दत्ताराम पोटात राहिल्यावर सासूबाई माहेरी गेल्या आणि त्यांना बाळंतपणानंतर आपल्या आईपाशीच ठेवून आल्या. ते मोठे झाले ते आजोळी, चौदा वर्षांचे होऊन घरी परतले. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात माझ्या केसांत थांबले होते.

“आणि तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

आमच्यात सासऱ्याचा शब्द सून खाली पडू देत नाही, बाहेरच्या माणसासमोर तर नाहीच. पण सगळा दोष रीतीवर ढकलला तर ते माझं खोटं होईल. मला लाज वाटली. करवंटी पोराच्या हातात मीच दिली होती, गप्प बसावं म्हणून. परात मी धरली होती. ते पाणी मी पाजलं होतं. मी पदर पुढे ओढला आणि मान हलवली. काही नाही.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर मामंजी हळूच म्हणाले, “घरातला घरात रवांदे. हे लोक सगळा लिवन घेतत. उद्या सरकारी माणूस दारात उभो रवलो म्हणजे? नारळी पुनव तोंडार इली, पाच वाडये माज्या गोळयेवर बसलेत.”

“पण मामंजी, पोटात दिसतंत ते...”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, प्रमिला.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला धंद्याची पडलीय. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले आणि तोंडाला मात्र कुलूप लावून बसले. तो सबंध दिवस गेला, रात्र गेली. दीड दिवस मी गप्प बसले. दीड दिवस म्हणजे किती, हे पुढे मला आयुष्यभर मोजायला मिळालं.

दुसऱ्या दुपारी बाबल्याला पुन्हा झटका आला आणि तो थांबेचना. दोन नर्सेस, डॉक्टरीणबाई, नळ्या, धावपळ. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, मामंजी खाटेच्या पायथ्याशी. अर्ध्या तासानं पोर सैल पडलं. मग त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाकले, “बाबल्या, बाबल्या” म्हटलं. त्यानं मला ओळखलं नाही. रस्त्यावरच्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि नजर दुसरीकडे फिरवली.

“बाई,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. “शिसा आसा. आमच्या घरात शिसा आसा.”

 मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली जमिनीकडे.

“कुठे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मागच्या पडवेत. हे मामंजी गोळ्यो ओततत जाळ्यांच्यो. हो थंयच खेळता. दाणे खाता तो, माज्या डोळ्यांदेखत.”

“कधीपासून?”

“जल्मल्यापासून.”

मग मी सगळं सांगितलं. परातीचं, पाण्याचं. बोलताना रडले नाही, ते एक बरं झालं. बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या लिहीत राहिल्या आणि एका नर्सला म्हणाल्या, मुंबईला फोन लावा. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही गरोदर आहात. त्याच पडवीत तुम्हीही श्वास घेता, तिथली धूळ तुमच्या अन्नात येते. ते पोटातल्या बाळापर्यंत जातं. मी या पोरासाठी जमेल ते करीन. पण याला घेऊन तुम्ही पुन्हा त्याच पडवीत जाणार असाल, तर माझं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही घरी जाल तेव्हा ती भट्टी तिथे असता कामा नये. कळलं?”

“कळला.”

मी मागे वळून बघितलं तर मामंजी खोलीत नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं ते गावी निघून गेले. पाठोपाठ माझा भाऊ आला.

औषध तिसऱ्या दिवशी आलं. त्याच्या सुया इतक्या दुखायच्या की पोर नुसतं ऊं करायचं, रडायचंही बळ नव्हतं. एकवीस दिवस आम्ही तिथे होतो. बाबलो जगला. एक हात आणि एक पाय वाकडा राहिला, मान धरायला पुन्हा शिकला, आणि बोलणं परत आलं नाही. निघायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मी आदल्या दिवशी सांगलं असतंय तर?”

त्यांनी बाबल्याची मान माझ्या खांद्यावर नीट टेकवली.

“ते मला विचारू नका,” म्हणाल्या.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. भावानं आम्हाला वाडीच्या तोंडाशी उतरवलं आणि तो सामान घ्यायला मागे राहिला. बाबल्याला कडेवर घेऊन मी माडांतून वर आले आणि जागच्या जागी थांबले. आमच्या घराच्या मागच्या बाजूनं धूर येत होता.

मामंजी पडवीत चुलीपुढे बसले होते. कढई लालभडक, बाजूला साचे मांडलेले, भिंतीशी गोळ्यांचे ढीग. माझी चाहूल लागली तरी त्यांनी हातातली पळी ठेवली नाही.

“इलंस?” ते म्हणाले. “पोरगो कसो आसा?”

मी बाबल्याला त्यांच्या पुढे धरलं. त्याची मान माझ्या खांद्यावर कलली, तोंडातून लाळ गळत होती. मामंजींनी बघितलं. 

“होतलो बरो. मी देवचाराक कोंबडो दिलंय. व्हडला गाऱ्हाणा घातलंय.”

“मामंजी, चूल विझवा.”

“पुनव झाली काय विझवतंय.”

“आता विझवा. डॉक्टरीण म्हणता...”

“डॉक्टरणीक काय ठावक?” ते एकदम ओरडले. “शेंबडा पोर ती! माजो बापूस ह्याच करी, माजो आजो ह्याच करी. आमी मेलंव? सगळो दोष शिशाचो? देवचाराचो कोप, तो तुका दिसणा नाय?” मग त्यांचा आवाज खाली आला. पळी हातातच होती, तिच्यातून शिशाचा थेंब जमिनीवर पडला. “माका एक सांग तू, प्रमिला. माजी कुसुम. माजी सुलू. ती काय शिशान मेली? सांग. ती दोगा काय माज्या हातान मेली?”

तेव्हा मला कळलं. धंदा नाही, सरकारी माणूस नाही, सव्वा लाखाची मूठही नाही. त्या इस्पितळात फोटोतले दाणे बघताक्षणी म्हाताऱ्याला सगळं कळून चुकलं होतं. पोराला शिसं बाधलं असं एकदा कबूल केलं की त्या दोघींचं काय झालं तेही कबूल करावं लागणार होतं. म्हणून ‘नाय’. म्हणून ही चूल पेटवून ते बसले होते. चूल पेटती असेल तोवर देवचार खरा होता.

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. ‘कोण जाणे मामंजी, देवाची करणी,’ एवढं म्हटलं असतं तरी त्या माणसाला उरलेलं आयुष्य झोप लागली असती. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या पोरींचं रक्त कोण तपासणार?

पण मी ‘कोण जाणे’ म्हटलं असतं तर चूल जळत राहिली असती. माझ्या पोटात बाळ हलत होतं.

“होय,” मी म्हटलं. “शिशान मेली. तुमच्या हातान. तुमचो झील वाचलो कित्याक? आजोळाक होतो म्हणान. थंय शिसा नव्हता.”

 मामंजींनी पळी साच्यावर ठेवली, अगदी जपून, सांडू न देता. मग ते भिंतीला टेकून बसले. मी उभीच होते. चुलीत कुणी लाकूड सारलं नाही. आच कमी होत गेली, कढईतल्या शिशावर आधी साय आली, मग सुरकुत्या पडल्या, मग ते करडं होऊन घट्ट झालं. 

दुसऱ्या दिवशी माझ्या भावानं ती चूल फोडली. पडवीची जमीन हातभर खणून ती माती विहिरीपासून लांब, माळावर खड्ड्यात पुरली. भिंती ओल्या फडक्यांनी पुसल्या, फडकीसुद्धा पुरली. मला त्यानं भिंतीजवळ येऊ दिलं नाही. वाडीतल्या लोकांनी शिव्या घातल्या, पौर्णिमेला कुणाची जाळी अपुरी राहिली. मग मी घराघरांत जाऊन बाबल्याला दाखवलं. बोलायची फार गरज पडली नाही. दोन घरांनी आपल्या पडव्यांतल्या कढया काढल्या, एकानं मला दारातून हाकललं.

मार्गशीर्षात मला मुलगी झाली. वैदेही. तिच्या रक्तात शिसं निघालं, पण थोडं. दूध, अंडी, नाचणी खाऊन आणि स्वच्छ घरात वाढून ती सुधारली. ती आता कणकवलीत शिक्षिका आहे, तोंडाची टकळी चालूच असते, मला एक शब्द बोलू देत नाही. बाबलो तिसाचा झालाय, माझ्या शेजारी बसलाय. त्याला मी भरवते.

मामंजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, कधी मला दोष दिला नाही. सकाळी उठले की विहिरीवर जायचे आणि राख लावून हात घासत बसायचे. नखं, बोटांच्या बेचक्या, कोपरापर्यंत. कातडी फाटून रक्त यायचं तरी घासायचे. वैदेही चालायला लागल्यावर त्यांच्याकडे धावत जायची, दोन्ही हात वर करून, “आजो, घे!” म्हणायची. ते दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि नुसते हसायचे. ती रडायची, पाय आपटायची. त्यांनी एकदाही तिला उचललं नाही.

हात धुतले की पुरे, असं डॉक्टरीणबाईंनी मला वैदेहीच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पोरीला घेऊ दे आजोबांना, काही होत नाही, असंही म्हणाल्या होत्या. अकरा वर्षं मी ओट्यावर उभी राहून ते बघत होते, आणि मी मामंजींना ते कधी सांगितलं नाही.